फुलचक्रावरची फीत

हर्स्टविल, सिडनी
रविवार, ९ जून

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, आईच्या पायांवर डोकं. हे पत्र तिकडे यायला निघालेल्या लिउ वहिनी स्वतःच्या हाताने आणून देतील. सोबतच्या माशाच्या तेलाच्या गोळ्या आईच्या गुडघ्यांसाठी आहेत. मागच्या वेळेसारख्या तूच फस्त करू नकोस.

इथे थंडी पडली आहे. मी बरा आहे. मोहरीच्या पाल्याचं लोणचं घातलं, खाणारा मी एकटा, तरी सवयीने मोठी बरणी भरली. सुयिंग असती तर ओरडली असती. बायको गेल्यापासून घरात ओरडायलाही कोणी नाही.

आता तुझ्या फोनबद्दल. एरवी मला "काय रे टकल्या" म्हणणारा तू "मिंगरुई" म्हणालास, तेव्हाच ओळखलं की घरात कोणीतरी बसलं आहे. पाहुण्यांसाठी काढायच्या झाकणाच्या कपांचा आवाज येत होता आणि वहिनी मध्ये एकदाही बोलली नाही. म्हणजे पाहुणे पोलीस चौकीतलेच. तू विचारलंस, "तो फान तुझा कोण लागत होता? त्याच्या फुलांवर गावकरी मंडळाचं नाव कसं आलं?" मग पोराच्या नोकरीच्या काळजीने हळूच म्हणालास, "हाओरानच्या शाळेत विचारपूस झाली." मी म्हणालो, चुकून झालं. फोनवर तेवढंच बोलता आलं.

फान तुला आठवत असेल, आपल्याच लिनशीचा, धक्क्यामागच्या गल्लीतला. इथे दर शनिवारी तो चिनी वकिलातीसमोर तिकडच्या सरकारविरुद्ध फलक घेऊन एकटा उभा राहायचा. इथल्या आपल्या गावकरी मंडळाने त्याला जेवणांना बोलावणं केव्हाच बंद केलं होतं. मे महिन्यात तो गेला. मयताच्या फुलचक्रावरच्या पांढऱ्या फिती इतकी वर्षं मीच लिहितो, हे तुला ठाऊक आहे. उजवीकडे मेलेल्याचं नाव, डावीकडे फुलं देणाऱ्याचं. डावीकडे कायम 'लिनशी गावकरी मंडळ' लिहायचं, त्यामुळे हात आपोआप चालतो. खरं तर त्याची फुलं मी एकट्याने घेतली होती. कोणीतरी फोटो काढला आणि संध्याकाळच्या आत तो तुमच्याकडे पोचला.

दुसऱ्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष पंग दारात हजर.

"अरे, मेलेल्याला तुझ्या फुलांचं काय कौतुक? जिवंत माणसांचा विचार कर की जरा! पुढच्या महिन्यात माझे पंचवीस लोक तिकडे जायचेत, त्यांना अडवलं तर?"

"चूक झाली म्हणून सांगा ना."

"मी सांगून काय उपयोग? एकतर तू पेपरात माफी छाप, नाहीतर तुझ्या भावाने तिकडे छापावं की तुझा-त्याचा संबंध संपला. दोन्ही नको असेल तर पुतण्याची मास्तराची नोकरी विसर."

चहासुद्धा न घेता गेला. मंडळाच्या ग्रुपमधून माझं नाव काढलं आहे. परवा भाजीच्या दुकानात लाओ दंग मला बघून मुळ्याच्या ढिगामागे वळला. इतक्या वर्षांचा माझा पत्त्यांतला जोडीदार! हसू आलं आणि मग घरी येऊन रडलो, लपवत नाही.

इथल्या सरकारच्या एक बाईही येऊन गेल्या. फार गोड बोलत होत्या. "तुम्ही आमचे नागरिक आहात, तुमच्यावर दबाव कोण आणतंय ते सांगा." सांगितलं तर तुझं काय होईल, आणि नाही सांगितलं तर मी तिकडचाच असं त्या समजणार. मी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. तिकडे मी इथला, इथे मी तिकडचा. बाईंनी निदान चहा तरी घेतला.

हाओरानसाठी मी माफी छापायला पेपरच्या कचेरीत गेलो होतो, दादा. मजकूर पंगने दिला होता. खिडकीतली मुलगी तो तपासायला मोठ्याने वाचू लागली: "देशद्रोही फान याच्याशी माझी ओळख नव्हती..." मग मान वर करून म्हणाली, "काका, देशद्रोहीच्या पुढे पूर्ण नाव घालायचं का?"

सुयिंग इस्पितळात होती तेव्हा मंडळाने फळांची टोपली पाठवली होती. फान मात्र दोन गाड्या बदलून रोज मासे वाटून केलेल्या गोळ्यांचं सूप घेऊन यायचा. तिला घास जाईना, तर चमच्याने भरवायचा. त्याचं पूर्ण नाव मला त्या शब्दापुढे सांगता येईना. कागद परत घेतला आणि चालू लागलो.

अजून एक सांगायचं राहिलं आहे. हात सवयीने चालला, हे खरं आहे. पण नंतर मी फीत वाचली. शाई ओली होती, शेजारी कोरी फीतही पडली होती. मला वाटलं, गावच्या माणसाच्या मयताला गावाचं नाव नको का? म्हणून तशीच राहू दिली. हे मी पंगला सांगितलं नाही, त्या बाईंना सांगितलं नाही. तुला खोटं कसं सांगू? तुमच्या घरापर्यंत हे येईल असं तेव्हा डोक्यात आलं नाही, दादा.

म्हणून आता तूच छाप. पाठीमागच्या कागदावर मजकूर लिहून दिला आहे, अक्षर लावायला त्रास होणार नाही. तू भिडेखातर काहीतरी मऊ लिहिशील आणि ते चालणार नाही, म्हणून मीच कडक लिहिलं. 'धाकट्या भावाशी सर्व नातं तोडलं आहे, त्याच्या कृत्यांशी या घराचा संबंध नाही.' एकही शब्द कमी करू नकोस. हाओरानला म्हणावं, शाळेत कात्रण घेऊन जा.

आईच्या वाढदिवसाला येईन म्हणालो होतो. तिला सांग, माझा फोन बिघडला आहे. पुन्हा विचारलं की पुन्हा तेच सांग. तिला वाचता येत नाही, याचं आज पहिल्यांदा बरं वाटलं.

तू फोन करू नकोस. मी वाट बघेन, पण तू करू नकोस.

नोटीस छापून येईपर्यंत तुझा भाऊ,
मिंगरुई