छोटासाच बदल

४ मार्च, सोमवार
पाचवा बदल! आपण दातांच्या दवाखान्यासाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर करतोय की स्वेटर उसवून विणतोय? सकाळीच डॉक्टरीणबाईंचा फोन — आता अख्ख्या कुटुंबाची नोंद एकदम झाली पाहिजे. टीम-लीड म्हणून सांगणं माझ्याच नशिबी. हसत हसत सांगितलं, "छोटासाच बदल आहे!" कोणी हसलं नाही. आजोबा — वय बेचाळीस, पण आमच्यातला सर्वांत जुना प्रोग्रामर — एक शब्द बोलला नाही.

५ मार्च
अबोला चालूच. ओरडला असता तर परवडलं असतं!

६ मार्च
ताईला फोनवर रडगाणं ऐकवलं. म्हणाली, "तू लहानपणापासून अशीच. समोरचा 'आई गं' म्हणतो न म्हणतो, तोच मलम घेऊन हजर! आधी कुठं दुखतंय ते तरी विचार."
सख्खी बहीण म्हणजे — जाऊ दे. खरं आहे.

७ मार्च
विचारलं. आजोबाला, कॉफीच्या मशीनपाशी. विचारलं आणि तोंड बंद ठेवलं — महाकठीण! त्याने कपात साखर घातली, चमचा फिरवला. मग म्हणाला, "बदलांचं काही नाही गं. पण तू 'छोटासाच' म्हणतेस ना, तेव्हा माझी दहा दिवसांची मेहनतही छोटी होते."
"चुकलं माझं," एवढंच म्हणाले.
जाता जाता म्हणाला, "हे बदल येतात तरी कुठून? एकदा दाखव."

११ मार्च, सोमवार
अख्खी टीम दवाखान्यात! काउंटरवरच्या बाई — कान आणि खांद्याच्या मध्ये फोन, हातात खोडरबर. तासाभरात सतरा नोंदी खोडल्या. वहीचं पान खोडून खोडून फाटलेलं. एका आईची तीन मुलं, तिघांना तीन वेगळे दिवस. आजोबा स्टूल ओढून शेजारी बसला.
"रोज असंच?"
"छे हो, आज तर निवांत आहे!"
आम्ही सगळे खो खो हसलो. परतताना आजोबाच म्हणाला, "नुसती नोंद करून भागणार नाही. वेळ बदलणंही एका बोटावर आलं पाहिजे." सहावा बदल — आणि तो चक्क ह्याचा!

१९ मार्च
चाललं! काउंटरवरच्या बाईंनी पाच जणांचं कुटुंब एका दमात नोंदवलं, वर फोनवर सांगितलं, "खोडरबर कपाटात गेलं." आजोबाने टेबल बडवलं.

२० मार्च
आज साहेब बोलता बोलता बोलून गेले — सहा महिन्यांपूर्वी टीम-लीडची जागा आधी आजोबाला देऊ केली होती. त्यानंच माझं नाव पुढे केलं. "घाई करते, पण चुकलं की कबूल करते," म्हणाला होता म्हणे.
आणि मी सहा महिने समजत होते, मी त्याची खुर्ची पळवली!