पाठीतली पावणी

१२ एप्रिल

आले बाई जव्हारला. सूर्यमाळहून जीपमध्ये मांडीवर दोन कोंबड्या आणि नागलीच्या पिठाचं गाठोडं. कोंबड्यांना घाट लागला, मला नाही. नातू हेमंत स्टँडवर घ्यायला आला होता. गाठोडं त्याला दिलं, कोंबड्या मीच धरल्या. शिकलेल्या माणसाच्या हातात कोंबडी देऊ नये, दोघंही घाबरतात.

घर भाड्याचं, दोन खोल्यांचं, पण नळ घरात. आमच्याकडे या दिवसांत टँकरची वाट बघून बायकांच्या माना लांब होतात. मी नळ उगीच दोनदा फिरवून पाहिला. नातसून योगिता हसली. तिच्या कुशीत माझा पणतू, अजून नाव नसलेला. नाक माझं, भोकाड हेमंतच्या बापाचं.

मला अक्षर येत नाही. म्हणून हेमंतने हा फोन दिलाय. माईकचं चित्र दाबायचं आणि बोलायचं, तो लिहितो, तारीखही तोच घालतो. मी दम घेतला की टिंब देतो, अडखळले की आडवी रेघ मारतो म्हणे. पोराला मोठेपणी वाचायला होईल, असं हेमंतचं म्हणणं. फोन बरा आहे. सगळं ऐकतो, उलट बोलत नाही. नवरा असा मिळायला हवा होता.

१४ एप्रिल

सकाळी पोराला तेल लावलं, शेकलं. तेलाने असं लकाकलं की हातातून निसटतं की काय. योगिताला म्हटलं, तुझ्यापेक्षा हा माझ्याकडे जास्त गप्प राहतो. ती म्हणाली, घाबरतो तुम्हाला.

दुपारी मायलेक निजतात. हेमंत जामसरच्या बाजूला शाळेवर. दुपार संपता संपत नाही. पाड्यावर कुणीतरी दारावरून जाता जाता हाक मारतंच. इथे पाणी सोडणारा माणूससुद्धा मला आजी म्हणतो आणि पुढे जातो.

उजव्या कुशीला, पाठीपासून पुढपर्यंत, मुंग्या येतायत. जीपचे धक्के असतील.

फागे

१६ एप्रिल

हेमंतने हे सगळं मला वाचून दाखवलं. शेवटी थांबला आणि विचारलं, आजी, ही फागे कोण? मी म्हटलं, तुझ्या फोनला विचार. पण हातातला घास ताटात ठेवला.

फागी माझं नाव. फाल्गुनातली म्हणून फागी. 'फागे' अशी हाक फक्त माझी आयस मारायची. नवरा 'अगं' म्हणायचा, पोरं आई म्हणाली, आता मी सगळ्यांची आजी. ते नाव मी या फोनसमोर काढलं नव्हतं.

कुशीवर पुरळ उठलंय. पाण्याचे फोड, रांगेने, पाठीतून पोटाकडे निघालेले. योगिताने पाहिलं आणि म्हणाली, नागीण. मी म्हटलं, बरं झालं, या वयात कुणीतरी मिठी मारली.

१७ एप्रिल

दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण पोरसवदा. तिने विचारलं, लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का. आमच्यात त्याला बाया आल्या म्हणतात. आल्या होत्या, मला आणि धाकट्या कमूला. कमू गेली, मी राहिले. आयसने सुपात भात, लाल फूल आणि दिवा ठेवून शिवेवर नेलं आणि बायांची पाठवणी केली.

डॉक्टरीण म्हणाली, "आजी, तो आजार गेलाच नव्हता. पाठीच्या कण्याजवळ, शिरेच्या मुळाशी झोपून होता. वय झालं, अंगातला जोर कमी झाला की उठतो."

म्हणजे पाठवणी केली ती पाठीतच. साठ वर्षं माझ्या अन्नावर राहिली पावणी, एक भांडं घासलं नाही. सगळे हसले.

मग तिने योगिताला विचारलं, तुला येऊन गेल्यात का. योगिता नाही म्हणाली. तेव्हा कुणी हसलं नाही. फोडांतलं पाणी मायलेकांना लागता कामा नये. एवढ्या लहान पोराला झालं तर जिवावर बेततं. सगळ्या फोडांवर खपली धरली की भीती नाही, तोवर आजी वेगळी.

मला मागची खोली दिलीय. ताट वेगळं, वाकळ वेगळी.

२० एप्रिल

हेमंत प्रशिक्षणाला पालघरला गेला. खोलीला एक खिडकी, खिडकीबाहेर दुसऱ्याची भिंत. योगिता ताट दारात ठेवते आणि मागे सरते. मी म्हणते, मी काही चावत नाही, दात कुठे आहेत. ती हसते, पण लांबून. पोराला हात लावून किती दिवस झाले. तेलाचा वास अजून माझ्या बोटांना आहे, की मला वाटतं.

दुपारी हाक आली. फागे. बाहेरून नाही. पाठीत ठणका आहे तिथून.

अनोळखी हाकेला ओ देऊ नये, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. ओ दिली की हाक मारणाऱ्याला आपला आवाज मिळतो. दोनदा गप्प राहिले. तिसऱ्यांदा — नावाने मला कुणी इतक्या वर्षांत —

दिली ओ.

बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

मलापण बरं वाटलं फागे

२२ एप्रिल

योगिता दाराबाहेर उभी राहून म्हणाली, आजी, मघासारखं पोराला मागू नका, मला नाही म्हणताना वाईट वाटतं. मी मागितलं नव्हतं. मी निजले होते. तिने शपथ घेतली, आवाज तुमचाच होता.

मी फोन लांबून तिच्यासमोर धरला, म्हटलं वाच. तिने वाचलं, मग परत वरून वाचलं. म्हणाली, काही ओळींना टिंबच नाही. जो बोलतो तो दम घेत नाही.

मी म्हटलं, बाहेरून कडी लाव. हेमंत येईपर्यंत मी काहीही म्हटलं तरी काढायची नाही. ती रडायला लागली. म्हटलं, रडतेस काय, लोकांना सासू कोंडायला मिळत नाही, तुला आजेसासू मिळालीय.

कडी लागली. तो आवाज ऐकला आणि मग माझंच तोंड आपोआप बोलायला —

फोडांच्या कडा सुकतायत. पावणीला कळलंय.

सुकलं की मी आत अडकेन फागे तुझं घर जुनं झालं मला लहान हवं ऊन ऊन

२४ एप्रिल

खपल्या धरल्या. एक फोड ओला आहे. एकच. ठणका सगळा तिथे गोळा —

गोड बोलते. म्हणते, आपण दोघी साठ वर्षं. नवरा गेला तेव्हा तुझ्याजवळ कोण होतं, मीच. खरंय ते.

कमूचं विचारलं. म्हणते, ते घर लहान होतं, मोडलं.

तोंडात पदर कोंबून बसले दिवसभर. पदर तोंडात — आणि भिंतीला टेकलेल्या पाठीतून माझ्याच आवाजात अंगाई —

पोर गप्प झालं ऐकून.

२५ एप्रिल

हेमंत संध्याकाळी येतो. तेवढंच —

पोर रडतंय. योगिता न्हाणीत.

रडतंय अजून.

योगिता कडी काढ गं बरी झाले मी पडल्या सगळ्या खपल्या

मी नाही. माझ्या तोंडात पदर — आत्ता काढला, सांगायला —

योगिता, काढू नको. ओला आहे अजून —

ती बोलतेय ती मी नाही योगिता मी खरी आजी दे पोराला मी धरते तू केस पूस

योगिता. मी. कोंबड्या घेऊन आले ती — नळ दोनदा फिरवला ती —

नळ दोनदा फिरवला ती मीच गं हसली होतीस तू

सगळं माहीत आहे तिला. जन्मभर पाठीत बसून ऐकलंय —

पावलं. पोराला घेऊन उभी आहे दाराशी. दोन आजी ऐकतेय बिचारी. कुठली —

कडी वाजली —

दार उघडू नये म्हणून दाराला पाठ लावली. पाठ —

मी हलले नाही, पाठच बाजूला सरकतेय —