काकांनी लिहून दिलेला मजकूर

गोहलपुर, जबलपुर
२६ ऑक्टोबर २०२५

चि. अनुपम यास काकाचे अनेक आशीर्वाद.

व्यसनमुक्ती केंद्रात फोन चालत नाही, म्हणून हे पत्र. आम्ही खुशाल. तुझी काकू चिवडा पाठवून राहिली आहे, एकट्याने फस्त करू नकोस.

तुझ्या बहिणीचं, चिन्मयीचं लग्न तेवीस नोव्हेंबरला. आठ तारखेला तुमची बैठक आहे, तिथे तुझं बोलणं पटलं तरच लग्नाला सुट्टी मिळेल, असं प्रणोतीताईंनी सांगितलं. त्या समुपदेशक असल्या तरी मुद्देसूद बोलणं कोणालाही पटतं. मी आयटीआयची पायरी न चढता शिलाई मशीन खोलायला शिकलो, ते नेमकेपणामुळेच. सोबत तीन मुद्द्यांचा मजकूर जोडला आहे, तोच तिथे वाच. अब्रू, बहीण आणि तिसरं म्हणजे दिवस: अकरा जुलैपासून आठ नोव्हेंबरपर्यंत एकशेवीस होतात. एकशेवीस दिवस नशेला शिवलो नाही, हे खणखणीत वाच.

माझ्या दुकानातल्या मशीनच्या मोटरी तू चोरल्यास, त्याचा रिपोर्ट मीच लिहवला होता, नंबरासकट. कोर्टाने जेलऐवजी उपचार दिले, त्याचं सोनं कर. मुलाकडच्यांना तू पुण्याला ट्रेनिंगला आहेस असं सांगितलंय. मांडवात तसंच बोल.

तुझ्यावरचा लोभ या रागातही शाबूत आहे.
हेमचंद्रकाका


९ नोव्हेंबर २०२५

ती. काकांस अनुपमचा शि. सा. नमस्कार.

चिवडा पोचला. डबा उघडेपर्यंत अर्धं केंद्र जमलं होतं.

काका, सुट्टी नाही मिळाली. तुमचा कागद घेऊन उभा राहिलो. अब्रूवर मागून कोणीतरी म्हणालं की भैया भाषण देऊन राहिला. बहिणीचंही वाचलं. एकशेवीसवर आलो आणि कागदाची घडी केली. दसऱ्याला एकाला भेटायला आलेल्या माणसाने गोळ्या आणल्या होत्या. दोन मी घेतल्या. कोणालाच कळलं नव्हतं. मी ते तिथेच सांगून टाकलं. म्हणजे खरे दिवस सदतीस.

आता हे कोर्टाला कळवतील. उपचार तीन महिने वाढले. प्रणोतीदीदी रागावल्या नाहीत. मग तुला स्वतःला नशा काहून सोडायची आहे, एवढंच विचारलं. मी म्हटलं की सकाळी उठल्यावर आज कोणाला फसवायचं हे ठरवावं लागत नाही, ते बरं वाटून राहिलं. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं.

चिन्मयीला कसं सांगाल? मला हिंमत नाही. पण या वेळी बाहेर आलो असतो तर मांडवातून सरळ घमापुरच्या त्या गोळ्यावाल्यांच्या गल्लीत गेलो असतो, हेही खरं आहे.

रागवा, पण पत्र बंद करू नका.
आपला अनुपम


गोहलपुर
१६ नोव्हेंबर २०२५

चि. अनुपम यास आशीर्वाद.

तुझं पत्र तीन दिवस खिशात घेऊन काम केलं. दोन मशीनी उलट्या जोडल्या. तुझी काकू म्हणाली की मुलगा खरं बोलला याचं तुम्हाला दुःख होऊन राहिलं का. 

चूक माझी. न विचारता आकडा मी घातला होता.

काल मुलाकडे गेलो आणि तू कुठे आहेस ते सगळं सांगितलं. नवरदेवाच्या, वेदांगच्या आईने शांतपणे चहा पुढे केला. साखरपुड्याआधीच चिन्मयीने त्यांना सांगितलं होतं, आणि तुझ्या काकूलाही ते ठाऊक होतं. चार महिने पुण्यात एकटा मीच होतो.

मी म्हटलं, लग्नात कानपिळीला चुलतभाऊ आल्हादला उभा करू. जावईबापू ऐकेनात. नवऱ्याचा कान नवरीच्या सख्ख्या भावानेच पिळायचा असतो, दुसऱ्याला मी हात लावू देणार नाही म्हणाले. तीस नोव्हेंबरला, भेटीच्या रविवारी, चिन्मयी आणि ते कानपिळीसाठी केंद्रात येतील. प्रणोतीताईंची परवानगी घेतली आहे.

काय बोलायचं ते तुझं तू बघ. फक्त कान उजवा, आणि पिळताना हात आखडू नकोस.

माया आहेच, तिचा हिशोब नको.
हेमचंद्रकाका