न विचारता वाढलेलं

३ फेब्रुवारी

गाऊन पुन्हा आत घेतला — दोन्ही बाजूंनी बोटभर. जन्मभर लोकांचे कपडे बेतले, आता माझंच माप हातून निसटतंय! डॉक्टर म्हणाले, "आजी, चहा-बिस्किटांवर अंगात ताकद कुठून येणार? या वयात प्रथिनं जास्तच लागतात." लेकीने ऐकलं आणि सरळ आपल्या घरी घेऊन आली. नर्स ना ती! तिच्यापुढे कोण बोलणार?

९ फेब्रुवारी

लेक रोज सूप करते. भाज्यांचं आहे म्हणते. किती दिवसांनी तोंडाला चव आली! जावई म्हणाला, "सासूबाई, वाटी घासायचं काम वाचवलंत की!"

२ मार्च

घातलेली शिवण आज मीच उसवली. अंग भरतंय. बाजारात एकटी जाऊन आले!

११ मार्च

कचरा बाहेर ठेवायला गेले. पिशवी फाटली. हाडं. कोंबडीची. उकळून उकळून पांढरी पडलेली.

लेक कामावर. जावयाला विचारलं. त्याने मान खाली घातली. "ती म्हणाली, आईला सांगू नकोस."

लहानपणी माझी एक तांबडी कोंबडी होती. सारखी पायात पायात यायची. एक दिवस दिसेना. जेवण झाल्यावर काका हसत म्हणाला — अगं, आत्ता खाल्लीस ती कोण? सगळे हसले. त्यानंतर मांसाला शिवले नाही. हे नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. फक्त लेकीला — ती तापाने फणफणली होती, माझ्या मांडीवर डोकं होतं, तेव्हा.

तिला ठाऊक होतं! ठाऊक असून —

१२ मार्च

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

हो, म्हणाले असते! म्हणूनच विचारायचं असतं.

"वॉर्डात म्हातारी माणसं डोळ्यांदेखत सुकत जातात, आई. तुझं तसं बघवलं नसतं मला."

डाळ होती, दूध होतं, अंडं होतं, म्हटलं.

"आणि तू खात होतीस? ताट जसंच्या तसं परत यायचं."

तेही खरं. पण केसाने गळा कापला तो कापलाच. आणि तोही पोटच्या पोरीने.

१३ मार्च

जेवले नाही. कुणी हाक मारली तरी ओ दिली नाही.

१५ मार्च

जावयाने मुकाट्याने मसूर आणून ओट्यावर ठेवली. मीच शिजवली, दातांना झेपेल अशी मऊ. वाटीभर संपवली — रागाने का होईना! लेक दारातून बघत होती. मी पाठ फिरवली.

१८ मार्च

माझ्या खोलीवर परत आले. फेब्रुवारीत इथून निघताना शेजाऱ्यांनी दोन्ही बाजूंनी धरून खाली उतरवलं होतं. आज तीन जिने एकटीने चढले, हातात पिशवी घेऊन. वर पोचले तेव्हा लक्षात आलं — हे बळ तिच्याच सुपाचं. कुलूप उघडलं आणि दारातच बसून रडले.