मास्तरची गोळी

मंगळवार, १४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीला सांग, तिनं पाठवलेले लोकरीचे मोजे बाबांना अगदी मापात बसले. धुवायलासुद्धा काढून देत नाहीत. मुलींना माझ्याकडून एकेक पापा. इकडे थंडी पडायला लागलीय, तबेल्याचं छप्पर यंदा गळलं नाही, आणि मी बरी आहे.

आता बसून वाच. मास्तर जिवंत आहे.

मागच्या महिन्यात एकवीस तारखेला संध्याकाळी तुझा मेसेज आला, "सुटला बिचारा. सगळं तुझ्या एकटीवर पडलं." मी उत्तर दिलं नाही. तुला वाटलं असेल, रडत असेल. मी तेव्हा तबेल्यात मास्तरची पाण्याची बादली भरत होते. तो जगेल की नाही याची खात्री नव्हती, तुला दोनदा रडवायचं नव्हतं, हे खरं. पण तेवढंच खरं नाही. तू बाबांपाशी त्याचा विषय काढला नाहीस, आणि बाबा फोनवर "बरं आहे, ठेवतो" याच्या पुढे कधी जात नाहीत, म्हणून चोवीस दिवस हे खपून गेलं. फोनवर सांगायला गेले तर तू मध्ये मध्ये बोलशील आणि मी अर्ध्यातच "बरं आहे, ठेवतो" म्हणेन. मुलगी कुणाची आहे. म्हणून लिहितेय.

पहिल्यापासून सांगते. एप्रिलमध्ये त्याच्या अंगावरचे हिवाळी केस गळेनात. उलट मेंढीसारखे कुरळे व्हायला लागले. पोट सुटलं, पाठ बसली, दिवसाला दोन बादल्या पाणी जास्त प्यायचा. बाबांनी पुढचे खूर हातात धरले आणि म्हणाले, "गरम आहेत. हे नालेचं दुखणं नाही, आतलं आहे." चाळीस वर्षं नालबंदी केलेला माणूस. डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं तर कुशिंग निघाला. मेंदूखालची एक एवढीशी ग्रंथी म्हातारपणी बेताल होते आणि सगळ्या शरीराला भलतेच हुकूम सोडते. आजार बरा होत नाही, पण रोज एक गोळी दिली तर ताब्यात राहतो. आणि साखर बंद, धान्य बंद, सुकं गवत पाण्यात भिजवून, गोडवा काढून मग खायला द्यायचं.

गोळी बाबा द्यायचे. काकडीचा तुकडा कोरून, त्यात गोळी बसवून, वर काकडीचंच बूच. जुलैपर्यंत केस गळून मास्तर असा तुकतुकीत झाला, की शिकायला येणारी मुलं विचारायची, नवीन घोडा घेतला का?

ऑगस्टमध्ये मला त्याच्या पेंढ्यात तीन गोळ्या सापडल्या. माझ्या मनात आलं, बाबा विसरायला लागले. नुसतं देतात, त्यानं गिळली का ते बघत नाहीत. मी त्याच दिवशी सांगून टाकलं, "उद्यापासून औषध माझ्याकडे." बाबा "हं" म्हणाले. त्यांचं "हं" म्हणजे होकार नसतो, ते "ऐकलं" असतं, हे मला या वयात तरी कळायला हवं होतं. डॉक्टरबाईंकडून नवीन डबा आणला आणि रोज आठला त्याच्या भिजवलेल्या चाऱ्यात गोळी घालायला लागले.

सप्टेंबरमध्ये तो चारा टाकायला लागला. मान खाली घालून कोपऱ्यात उभा राहायचा. डॉक्टरबाई म्हणाल्या, औषध सोसत नसेल, अर्धी करा. मी अर्धी केली. फरक नाही. औषध दिलं तर जेवण जातं, नाही दिलं तर खूर जातात. मग तुला फोन केला, आणि आपण त्याला इंजेक्शन देऊन सोडवायचा शनिवार ठरवला.

तो शनिवार. दहाला डॉक्टरबाई आल्या. मी मास्तरला मोकळ्यावर आणून त्याच्या अंगावरून ब्रश फिरवत होते. बाबा आतून आले. इस्त्रीचा शर्ट, नुकतीच केलेली दाढी, हातात काकडीचा तुकडा.

"डॉक्टर, आजची गोळी देऊ, का आता राहू दे?"

मी म्हटलं, "बाबा, मी दिलीय सकाळी. अर्धी."

"तू चाऱ्यात घालतेस. ती तो बाजूला काढतो. मी देतो ती निराळी."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "काका, देतो म्हणजे? कधी?"

"रोज. साडेपाचला. ही उठायच्या आत."

"किती?"

"एक. तुम्हीच सांगितली होती. आज मात्र हात होईना, म्हणून विचारलं."

"आणि तुम्ही?" त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं.

"एक. तुम्ही सांगितल्यापासून अर्धी."

मास्तरनं बाबांच्या हाताकडे मान लांब केली. मग डॉक्टरबाई म्हणाल्या, "म्हणजे या म्हाताऱ्याला दोन घरांचा पाहुणचार चाललाय, आणि शेवटचा घास द्यायला मला बोलावलंय." त्यांनी बॅग बंद केली आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या.

झालं होतं असं. पेंढ्यातल्या त्या तीन गोळ्या मास्तरनं थुंकलेल्या होत्या. प्रत्येक वेळी बाबांनी लगेच दुसरी दिली होती. एकही दिवस चुकला नव्हता. मी औषध हातात घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात बाबांना माझी गोळी चाऱ्याच्या तळाशी सापडली. त्यांना वाटलं, पोरगी घाईत असते, बघत नाही. मला बोललं तर लागेल, म्हणून ते आपले पहाटे गुपचूप द्यायला लागले. पुढे मास्तर माझ्याही गोळ्या गिळायला लागला होता, ते दोघांनाही कळलं नाही. आणि बाबांकडे गोळ्या कुठून? औषधवाला दर महिन्याला डबा आणून देत होता. त्याला बंद कर म्हणून सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. विसरलं कोण, ते तूच बघ.

मग पाच दिवस औषध पूर्ण बंद. तिसऱ्या दिवशी त्यानं मूठभर गवत खाल्लं, पाचव्या दिवशी माझ्या बाहीला तोंड घातलं. मग अर्धी, आता एक. "औषध एकाच हातानं जाऊ दे," डॉक्टरबाईंनी बजावलंय. तो हात बाबांचा. मी दारात उभी राहून बघते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर बाबा फुली मारतात. खूर गार आहेत. केस थोडे वाढलेत, ते शुक्रवारी यंत्रानं कापणार आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त तपासायचं. या आजाराच्या घोड्यांना हा मोसम तसा वाईट, आकडा वर गेला तर गोळी वाढवू. मला आता भीती वाटत नाही. काय बघायचं ते कळलंय: पाणी किती प्यायला, गवत किती उरलं, वळताना पाय आखडतो का. पंचवीस वर्षांचा आहे, उद्या दुसरं काही झालं तर शनिवार पुन्हा ठरवेन. पण आजाराला मारायच्या नादात औषधानं मारणार नाही.

आता राहिलेलं.

सप्टेंबरमध्ये मी तुला म्हटलं, बाबांना आताशा काही लक्षात राहत नाही, आणि त्यांना तुझ्याकडे यायचंय. यातलं दुसरंही खोटं. ते असं कधीच म्हणाले नाहीत. आणि त्यांना मी सांगितलं, दादा हट्ट धरून बसलाय, त्याला तुम्ही हवे आहात. तुझ्या तोंडचं वाक्य मी बोलले आणि त्यांच्या तोंडचंही मीच. बाबा एवढंच म्हणाले होते, "मास्तर आहे तोवर नाही."

मग मास्तर जेवेना. डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, आणखी एका डॉक्टरांना दाखवू या का? मी नको म्हटलं. दादा, मी दमले होते. सकाळी घोडे, दुपारी शिकायला येणारी मुलं, संध्याकाळी बाबांची जेवणावरून कुरकुर. मास्तर गेला की बाबा जातील, आणि मी एक दिवस सहाऐवजी आठला उठेन, हे मी मनात कितीदा तरी चघळलं होतं. म्हणून नीट बघितलं नाही. सप्टेंबरमध्ये डॉक्टरबाईंना "रोज एकच गोळी जाते" असं ठासून सांगताना मला खात्री होती, कारण मला ती खात्री हवी होती.

आणि आता गंमत बघ. मास्तर खायला लागला, तरी बाबांनी बॅग काढलीय. मी विचारलं तर म्हणतात, "तुझ्या दादानं माझ्यासाठी खोलीला रंग दिलाय. नाही म्हटलं तर वाईट वाटेल त्याला." काकडी कशी कोरायची ते मला रोज शिकवतात. तीस तारखेला तुझ्याकडे निघायची तयारी चाललीय. तू त्यांच्यासाठी खोली केलीस, ते तुझ्यासाठी यायला निघालेत, आणि दोघांपैकी कुणीही हे मागितलं नव्हतं.

तू त्यांना "राहा तिकडेच" असं सांगू नकोस. आपल्या घरात सांगणाऱ्यांची कमी नाही. फक्त फोन कर आणि विचार, तुम्हाला कुठे राहायचंय? मग थांब. ते "बरं आहे, ठेवतो" म्हणतील. तू ठेवू नकोस. त्यांना तुझ्याकडेच यायचं असेल तर मी स्वतः त्यांना सोडायला येईन, आणि पहाटे साडेपाचला माझी मी उठेन. नसेल यायचं, तर ती खोली मुलींना दे.

बाबांना हे सगळं समोर बसून सांगायला मी दोनदा गेले. दोन्ही वेळा घोड्याबद्दल बोलून परत आले. म्हणून हे पत्र पाकिटात घालतेय, पण चिकटवत नाही. त्यांच्या टेबलावर चष्म्याशेजारी ठेवणार आहे. पोस्टात तेच टाकतील. हे तुझ्या हातात पडलं, तर समज की त्यांनी शेवटपर्यंत वाचलंय.

तुम्हा दोघांची,
मी