दिगूला सांगू नकोस

शुक्रवार पेठ, पुणे
३ मार्च २०२५

ती. दादा यांस,
सौ. सुहासिनीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलता येत नाही, हे शेजारीच बसलेले असतात. आतड्याचा कॅन्सर यकृतापर्यंत गेलाय आणि चालू औषध आता लागू पडत नाही. दोन नवी औषधं एकत्र देऊन बघण्याची चाचणी इथे सुरू आहे, त्यात यांना घेता येईल असं डॉक्टर म्हणतात. बरे होतील असं नाही. मिळाले तर काही महिने जास्त. पण त्यासाठी आजाराचं नाव यांना सांगून यांचीच सही लागते. तुमच्या शब्दाखातर आम्ही आजवर 'आतड्याला सूज' म्हणत आलो. आता सांगू का? थोरले तुम्ही, तुम्ही हो म्हणा.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, या खेपेस जरा घाईनं करावा.
सुहासिनी

बार्शी, ११ मार्च

चि. सौ. सुहासिनीस अनेक आशीर्वाद.

दिगूला सांगू नकोस. तो लहानपणापासून हळवा, सुई बघून घेरी यायची त्याला. आमच्या आप्पांना आजाराचं नाव कळलं आणि त्यांनी अंथरूणच धरलं, ते मी पाहिलंय. शिवाय नवी औषधं आमच्याच माणसावर कशाला करून बघायची? नातीचा, ओवीचा साखरपुडा उरकला की मी येतो, डॉक्टरांशी बोलतो. तोवर धीर धर.

तुझा थोरला दीर,
वैजनाथ

पुणे, २४ एप्रिल

ती. दादा यांस नमस्कार.

साखरपुड्याचे पेढे पोचले, तुम्ही नाही पोचलात. शेवटी मीच यांना सांगितलं. हे घाबरले नाहीत हो. चष्मा पुसला, डॉक्टरांना नीट प्रश्न विचारले आणि सही केली. मग रक्त तपासलं. मधल्या काळात कावीळ वाढली, यकृत साथ देत नाही, आता चाचणीत घेता येणार नाही म्हणाले. मार्चमध्ये चाललं असतं. मला तुमचा राग येतो, आणि विचारत बसले म्हणून माझाही.

खाली यांच्यासाठी जागा सोडली आहे.
सुहासिनी

दादा, सा. न.

तुझं पत्र हिने दाखवलं. दोघांनी माझ्याबद्दल इतकं लिहिलंत, मला मात्र एक ओळ नाही. सुई बघून घेरी यायची खरी, पण तेव्हा मी दुसरीत होतो. आता निवृत्त मुख्याध्यापक आहे. त्या औषधाने कदाचित काहीच झालं नसतं. पण घ्यायचं की नाही, हे मी ठरवलं असतं.

यायचं तर ये. रडणं तेवढं बार्शीतच आटोपून ये.

लोभ वाढावा असं लिहायची रीत आहे. वाढायला वेळ उरलेला नाही. आहे तेवढा राहू दे.
दिगू