कालव्याखालचा ऐसपैस पाइप

तीर्थरूप ताईस, धाकटीचा वाकून नमस्कार. लेकीकडे तुझी कंबर आता कशी आहे? इकडे आम्ही ठीक (नाकाला रुमाल बांधून जितकं ठीक राहता येतं तितकं).

तुला ठाऊकच आहे, सांडपाणी कालव्यापलीकडे न्यायचं काम आमच्या कार्यालयाकडे, म्हणजे आमच्या साहेबांकडे, म्हणजे तुझ्या यजमानांकडे आलं होतं. कालवा काही बाजूला सरकत नाही, तेव्हा पाइपानेच त्याच्याखाली बुडी मारून पलीकडे वर यायचं. असा पाइप कायम तुडुंब भरलेला असतो आणि अलीकडच्या पाण्याच्या दाबावर पाणी पलीकडे चढतं. ते जोरात धावलं तरच वाळू सोबत नेतं. रेंगाळलं की गाळ तळाशी बस्तान मांडतो. म्हणून मी दोन पाइप आखले होते: रोजच्यासाठी एक बारीक आणि पाणी वाढलं तर दुसरा. भावोजींनी नकाशा पाहून मान हलवली (आडवी). एवढ्या मोठ्या शहराला असले चिंचोळे पाइप शोभत नाहीत म्हणाले. मी वेगाचं गणित पुढे केलं, त्यांनी त्याच्यावर चष्मा ठेवला आणि विषय बदलला. शेवटी एकच पाइप बसला, इतका ऐसपैस की उद्घाटनाच्या पाहुण्यांनी आत उभं राहून फोटो काढले.

पाण्यालाही तो फार आवडला. पलीकडे जायची त्याला घाईच उरली नाही. गाळ साचत गेला, पाइप तुंबला, आणि गेल्या सोमवारी कार्यालयासमोरच्या चेंबरचं झाकण तुंबलेल्या पाण्याने उचललं. भावोजी तेव्हा फाटकापाशी वरिष्ठांना पाइपाची थोरवी सांगत होते. पाणी वरिष्ठांच्या बुटांत शिरलं, तसे भावोजी माझ्याकडे सरकून हळूच म्हणाले, "तो तुझा नकाशा फाडला नाहीस ना?"

ताई, खरं सांगते, मला हसू आलं नाही. खालच्या गल्लीत तेच पाणी मोऱ्यांतून वर येऊन लोकांच्या अंथरुणांपर्यंत गेलं होतं. पंप लावून उपसा केला, आता जेमतेम वाहतंय. पुन्हा कधी तुंबेल, सांगता येत नाही.

बाकी सगळं क्षेम. लेकीला आशीर्वाद.

तुझी धाकटी

ता.क. भावोजींनी तुला काहीही कळवलं असो, ते दौऱ्यावर वगैरे नाहीत. गल्लीतले लोक तुमच्या घराच्या पायऱ्यांवर बसून असतात, म्हणून ते माझ्या बाहेरच्या खोलीत राहतायत आणि मला कांदा कसा चिरावा ते शिकवतायत. कृपा करून येऊन घेऊन जा.

ता.ता.क. घाई मात्र करू नकोस. नव्या नकाशावर अजून त्यांची सही झालेली नाही. दोन पाइप कबूल, पण दोन्ही मोठे हवेत म्हणतात. आज मी सहज एवढंच बोलले, की खालच्या गल्लीतले लोक माझा पत्ता विचारत होते. सध्या भावोजी पेन शोधतायत.